‘ब्रेड’ आणि आपली भाकरी

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात इंग्रजी शब्दावर पाठ कशाला, असं कुणीतरी विचारणारच. उत्तर सोपं आहे. बेळगावात आपण घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, मित्रमंडळीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी. इंग्रजी लिहिताना मनात वाक्य मराठीत तयार होतं. उलट मराठी लिहायला बसलं की इंग्रजी वळणाची वाक्यं हातून उतरतात. दोन्ही भाषांचं यात नुकसान होतं. मी वर्गात इंग्रजी शिकवते आणि मंडळात मराठी वाचते, त्यामुळे हे नुकसान मला दोन्ही बाजूंनी दिसतं.

यावर मला एक उपाय लागू पडलेला दिसतो. म्हणी आणि वाक्प्रचारांची लांबलचक यादी पाठ करायची नाही. रोजचा एकच शब्द घ्यायचा, त्याच्या घरी जायचं आणि त्याचे सगेसोयरे, शेजारीपाजारी कोण ते पाहायचं. आज आपण ‘ब्रेड’ हा शब्द घेऊ. तो आपण सगळेच वापरतो, पण इंग्रजीत त्याचं कुटुंब केवढं मोठं आहे हे सहसा लक्षात येत नाही. आणि आपल्याकडे त्याच्या तोडीला ‘भाकरी’ उभीच आहे.

१. ब्रेडचे सोबती

पहिली गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत ‘ब्रेड’ मोजता येत नाही. ‘अ ब्रेड’, ‘टू ब्रेड्स’ असं आपण सर्रास बोलतो, पण ते बरोबर नाही. अख्खा पाव असेल तर ‘अ लोफ ऑफ ब्रेड’, दोन असले तर ‘टू लोव्ह्ज’. कापलेला तुकडा म्हणजे ‘अ स्लाइस ऑफ ब्रेड’, नुसता तोडलेला तुकडा ‘अ पीस ऑफ ब्रेड’. बाहेरची कडक कड म्हणजे ‘क्रस्ट’ आणि खाली सांडतो तो चुरा म्हणजे ‘क्रम्ब्ज’.

आपल्याकडे भाकरी मोजता येते. एक भाकरी, अर्धी भाकरी, चतकोर भाकरी. पावाची लादी असते. भाकरीला पापुद्रा असतो. म्हणजे मोजमापाचे शब्द दोन्हीकडे आहेत, फक्त मांडणी वेगळी. इंग्रजीत मापाचा शब्द मध्ये घालावाच लागतो, मराठीत त्याशिवाय भागतं. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

आता क्रियापदं बघा. भट्टीत भाजतात ते ‘बेक’. तव्यावरच्या पदार्थाला ‘बेक’ चालत नाही. म्हणून ‘माय मदर बेक्स चपातीज’ हे वाक्य इंग्रजाला बुचकळ्यात टाकील. तिथे साधं ‘मेक्स’ म्हणावं. मराठी इथे जास्त चोखंदळ आहे. पोळी लाटतात, भाकरी थापतात, थालीपीठही थापतात, घावन घालतात. एका ‘मेक’ने इंग्रजी ही सगळी कामं उरकते.

विशेषणांचं तर आणखी मजेशीर आहे. ब्रेड शिळा झाला तर ‘स्टेल’. पण दूध बिघडलं तर ‘सावर’, लोणी बिघडलं तर ‘रॅन्सिड’, अंडं बिघडलं तर ‘रॉटन’. चारही ठिकाणी ‘बॅड’ म्हटलं तर काम भागतं, पण भाषा येते असं कुणी म्हणणार नाही. मराठीतही तसंच आहे ना? भाकरी शिळी होते, दूध नासतं, तूप खवट होतं, भात आंबतो. ‘भात खवट झाला’ असं कुणी म्हटलं तर आजी हसेल. आजीने व्याकरणाचं पुस्तक उघडलेलं नाही, तरी कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. भाषा येणं म्हणजे मोठ्या प्रमाणात हेच.

आणि एक जुळणी पाहा. शिळ्या ब्रेडचा ‘स्टेल’ इंग्रजीत बातमीला आणि विनोदालाही लागतो. ‘स्टेल न्यूज’, ‘स्टेल जोक’. आपणही शिळी बातमी, शिळा विनोद असंच म्हणतो. इथे दोन भाषा स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचल्या आहेत.

शब्दांचा क्रमही ठरलेला असतो. ‘ब्रेड अँड बटर’ म्हणायचं, ‘बटर अँड ब्रेड’ नाही. मराठीत मीठभाकर, चटणीभाकर, वरणभात असं तोंडीलावणं आधी येतं. पण पोळीभाजीत पोळी आधी. वडापावात पाव मागे, पावभाजीत पाव पुढे. याला नियम शोधत बसू नये. कानाला सवय लावावी. आणखी एक बारकावा: ब्रेड आणि लोणी मिळून एकच पदार्थ मानला की क्रियापद एकवचनी येतं. ‘ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट.’

२. मालक, मालकीण आणि मित्र

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पावाला नेहमीचा शब्द ‘ह्लाफ’ असा होता. त्याचाच आजचा ‘लोफ’ झाला. ‘ब्रेड’ हा शब्द त्या काळी फारसा वापरात नव्हता. तो पुढे हळूहळू पुढे सरकला आणि बाराशेच्या सुमारास ‘ह्लाफ’ची जागा घेऊन बसला. मग ‘लोफ’कडे फक्त अख्ख्या पावाचा अर्थ उरला.

या जुन्या ‘ह्लाफ’मधून दोन शब्द निघाले, जे आपण रोज ऐकतो आणि त्यात पाव आहे हे आपल्या गावीही नसतं. पहिला ‘लॉर्ड’. त्याचं जुनं रूप ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे पावाची राखण करणारा. दुसरा ‘लेडी’. त्याचं जुनं रूप ‘ह्लॅफदीये’, म्हणजे पावाचं पीठ मळणारी. त्या घरातल्या आश्रिताला ‘ह्लाफ-एता’, म्हणजे पाव खाणारा, असं म्हणत. एकाने कोठार राखायचं, एकीने मळायचं, बाकीच्यांनी खायचं. घरातला सगळा अधिकार आणि सगळे कष्ट या तीन शब्दांत मांडले आहेत. आपल्याकडे ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण त्या तिसऱ्या माणसाचीच आहे.

दुसरं घराणं लॅटिन भाषेतलं. लॅटिनमध्ये पावाला ‘पानिस’ म्हणतात. ज्याच्यासोबत पाव खायचा तो ‘कंपॅनियन’. त्याच मुळातून ‘कंपनी’ आली. पाव ठेवायची खोली ती ‘पँट्री’. आणि त्याच ‘पानिस’चं पोर्तुगीज रूप गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलं. तोच आपला ‘पाव’! पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी नाही. पाव हा पोर्तुगीज शब्द आहे आणि गोव्याचा ‘पोदेर’ हाही पोर्तुगिजांच्या ‘पादेइरो’वरून आला. त्याच पोर्तुगीज शब्दाने जपान गाठलं आणि तिथे तो ‘पान’ झाला.

म्हणजे पणजीतला पाव, लंडनमधला कंपॅनियन आणि टोकियोतला पान हे एका आजीचे नातू आहेत. आणि ‘एका ताटात जेवलेले’ असं आपण जिवलगांबद्दल म्हणतो, तेव्हा ‘कंपॅनियन’ या शब्दाचंच मराठी करत असतो.

३. पोटापाण्याचे वाक्प्रचार

ब्रेडभोवतीचे सर्वांत उपयोगी वाक्प्रचार कमाईचे आहेत. ते एकत्र बघू.

‘डेली ब्रेड’ म्हणजे रोजचं अन्न, रोजची कमाई. हा शब्दप्रयोग ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेतून इंग्रजीत रुळला. मराठी बायबलमध्ये तिथे पाव किंवा पोळी नाही, ‘भाकर’ आहे. भाषांतराचा हा धडा लहान वाटतो, पण मोठा आहे. गव्हाच्या पावाचा देश वेगळा, ज्वारीच्या भाकरीचा देश वेगळा. भाषांतरकाराने पीठ बदललं आणि भूक तीच ठेवली.

‘अर्न वन्स ब्रेड’ किंवा बोलीत ‘अर्न अ क्रस्ट’ म्हणजे पोटापुरतं मिळवणं. ‘इट्स माय ब्रेड अँड बटर’ म्हणजे हीच माझी रोजीरोटी. शिंपी म्हणेल, लग्नसराईतले ब्लाऊज हे माझं ब्रेड अँड बटर. ‘ब्रेड अँड बटर इश्यूज’ म्हणजे महागाई, पगार, पाणी, रेशन असे रोजच्या जगण्याचे प्रश्न. निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द हमखास भेटतो. मात्र ‘ब्रेड अँड बटर लेटर’चा पगाराशी काही संबंध नाही. कुणाकडे पाहुणचार घेऊन आल्यावर आभाराचं जे पत्र लिहितात, ते हे.

‘लिव्ह ऑन द ब्रेडलाइन’ म्हणजे कसंबसं जगणं. अमेरिकेत गरिबांना फुकट पाव वाटत, त्या रांगेला ‘ब्रेडलाइन’ म्हणत. आपण म्हणतो, त्याचं हातावर पोट आहे. ‘टेक द ब्रेड आउट ऑफ समवन्स माउथ’ म्हणजे तोंडचा घास काढणं, पोटावर पाय देणं. इथे इंग्रजी आणि मराठी किती जवळ आलेत बघा. फरक एवढाच, की इंग्रजाच्या तोंडात पाव आहे आणि आपल्या तोंडात घास.

‘ब्रेडबास्केट’ म्हणजे भरपूर धान्य पिकवणारा प्रदेश. पंजाबला भारताचं ब्रेडबास्केट म्हणतात. मराठीत ‘पावाची टोपली’ लिहाल तर गुण जातील. तिथे ‘धान्याचं कोठार’ हवं.

आणि आता या गटातला सर्वांत वजनदार शब्द: ‘ब्रेडविनर’. यातल्या ‘विन’चा अर्थ शर्यत जिंकणं असा नाही. ‘विन’च्या जुन्या अर्थात राबून मिळवणं होतं. म्हणून ब्रेडविनर म्हणजे राबून घराला भाकरी मिळवून देणारा माणूस. ‘सोल ब्रेडविनर’ म्हणजे एकटा कमावता, ‘मेन ब्रेडविनर’ म्हणजे मुख्य कमावता. शब्द पुरुषवाचक नाही, स्त्रीलाही तोच लागतो.

४. एका निबंधातलं वाक्य

या शब्दावरून पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा निबंध माझ्या लक्षात राहिला आहे. विषय होता ‘माझं कुटुंब’. तिने लिहिलं होतं, ‘माय फादर इज द ब्रेडविनर ऑफ अवर फॅमिली. माय मदर इज अ हाउसवाइफ.’ स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. लाल शाईला काहीच काम नव्हतं.

पण तिच्या घरची परिस्थिती मला थोडीफार ठाऊक होती. वडिलांचा माग बंद पडून बराच काळ झाला होता. आई पहाटे चारला उठून ज्वारीच्या भाकऱ्या थापायची आणि खानावळींना पुरवायची. रोजच्या शंभराच्या आसपास. मुलीची फी त्यातूनच भरली जायची.

मी समासात एवढंच लिहिलं, ‘भाकऱ्या कोण करतं?’

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, आई घरीच असते ना? नोकरीला कुठं जाते?”

मी म्हटलं, “आणि पैसे कुठून येतात?”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “आईच्या भाकरीतनंच. पण गाइडात तसंच वाक्य आहे. फादर ब्रेडविनर, मदर हाउसवाइफ.”

“मग बाबांचं काय?”

“बाबा पीठ दळून आणतात, डबे सायकलवरनं पोचवतात.” आणि जरा थांबून, “त्यांना वाईट वाटंल मॅडम, मी तसं लिहिलं तर.”

आता खरा प्रश्न आला. तो इंग्रजीचा राहिला नव्हता. एका घराचं खरं काय ते सांगायचं होतं आणि कुणाचा अपमानही होऊ द्यायचा नव्हता. आणि हे काही वहीपुरतं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तिची एका शिष्यवृत्तीसाठी मुलाखत होती. तिथे घरातलं कोण कमावतं, हे विचारणार होतेच. गाइडातलं वाक्य तिने तिथे म्हटलं असतं, तर कागदावर कमावता बाप, बिनपगारी आई असं चित्र उभं राहिलं असतं. त्यात तिची आई कुठेच नसती. आणि बाबांचा धंदा विचारला असता, तर पुढचं उत्तरही अडकलं असतं.

आम्ही दोघी बसलो आणि वाक्य पुन्हा बांधलं. शेवटी तिने लिहिलं ते असं: ‘माय मदर इज द मेन ब्रेडविनर. शी मेक्स भाकरीज फॉर द मेसेस इन टाउन. माय फादर्स लूम हॅज क्लोज्ड, अँड नाउ ही डिलिव्हर्स देम. वी लिव्ह ऑन देअर वर्क.’ शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. ‘देअर’ हा शब्दही तिचाच. मी ‘हर’ सुचवला होता, तिने ऐकलं नाही. त्या ‘देअर’मध्ये बाबांची सायकलही आली.

‘भाकरी’चं भाषांतर करायचं का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, नको. ‘ब्रेड’ लिहिलंस तर ऐकणाऱ्याला बेकरी दिसेल. ‘भाकरीज’ लिही आणि विचारलं तर सांग, ज्वारीची, हाताने थापलेली.

शिष्यवृत्ती मिळाली का, हे तुम्ही विचाराल. मिळाली. पण ती तिच्या गुणांवरही मिळाली असेल, त्याचं श्रेय मी एका शब्दाला देत नाही. शब्दाने केलं ते एवढंच, की खोलीत शिरताना तिला काही लपवावं लागलं नाही.

‘लेडी’ म्हणजे पीठ मळणारी, हे मी त्यानंतर वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हसली. ती हसली नाही. वहीत लिहून घेत होती.

५. लोणी कुठल्या बाजूला?

‘नो व्हिच साइड वन्स ब्रेड इज बटर्ड’ हा वाक्प्रचार जुना आहे. जॉन हेवुड याने १५४६ साली इंग्रजी म्हणींचा जो संग्रह काढला, त्यात तो सापडतो. अर्थ असा, की आपला फायदा कशात आहे हे माणसाला नेमकं कळतं आणि तो त्याप्रमाणे वागतो. पुष्कळ जण याचं भाषांतर ‘आपल्या पोळीवर तूप ओढणे’ असं करतात. जवळचं आहे, पण तेच नाही. तूप ओढणारा पंगतीत दुसऱ्याचं नुकसान करतो. इंग्रजी वाक्प्रचारातला माणूस फक्त हुशारीने, जरा धोरणाने वागतो. ‘वारा वाहील तशी पाठ फिरवणे’ हे तर त्याहून आणखी वेगळं, त्यात निष्ठा बदलणं आहे. तूप ओढण्याला इंग्रजीत ‘फेदर वन्स ओन नेस्ट’ जास्त जवळचं, म्हणजे आपल्याच घरट्यात पिसं भरणं.

त्याच हेवुडच्या संग्रहात ‘हाफ अ लोफ इज बेटर दॅन नो ब्रेड’ या अर्थाची म्हणही आहे. काहीच नसण्यापेक्षा अर्धा पाव बरा. आपल्याकडे, नाही मामापेक्षा काणा मामा बरा! इंग्रजाला पाव आठवला आणि आपल्याला मामा, पण शहाणपण तेच.

६. पवित्र ग्रंथातून बाजारात

बायबलच्या इंग्रजी भाषांतरातून बरेच वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात आले. धर्म कुठलाही असो, इंग्रजी वाचणाऱ्याला ते माहीत हवेत.

‘मॅन डज नॉट लिव्ह बाय ब्रेड अलोन’ ही कल्पना अनुवाद या पुस्तकात आहे आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात ती पुन्हा येते. आज लोक ती ग्रंथालय, संगीत, खेळ अशा कशासाठीही वापरतात. माणसाला पोटापलीकडेही काही लागतं, हा अर्थ. ‘कास्ट युवर ब्रेड अपॉन द वॉटर्स’ हे उपदेशक या पुस्तकातलं. फळाची घाई न करता चांगलं काम करत राहावं, ते कधीतरी परत येतं, असा त्याचा रूढ अर्थ. आपल्याकडची मंडळी हिंदीत ‘नेकी कर, दरिया में डाल’ म्हणतात, ते याच्या जवळचं. ‘ब्रेक ब्रेड विथ समवन’ म्हणजे कुणासोबत जेवायला बसणं. त्यात सलोखा आहे. भांडलेली दोन घरं पुन्हा एका पंगतीला बसली, तर हा वाक्प्रचार शोभतो.

७. इतिहास, गंमत आणि चुरा

‘ब्रेड अँड सर्कसेस’ हे रोमन कवी ज्युव्हेनल याच्या दहाव्या उपहासकाव्यातून आलं. लोकांना फुकट धान्य आणि करमणूक दिली की ते राज्यकारभाराबद्दल विचारायचं सोडतात, अशी त्याची तक्रार होती. आजच्या राजकीय लेखांत हा शब्दप्रयोग आला की ‘पाव आणि सर्कस’ असं शब्दशः करू नका. फुकटची खिरापत आणि तमाशा, असं काहीसं म्हणा.

‘द ग्रेटेस्ट थिंग सिन्स स्लाइस्ड ब्रेड’ म्हणजे एखाद्या नव्या गोष्टीचं भरभरून कौतुक, कधी कधी टोमणाही. कापलेला ब्रेड ही एवढी मोठी गोष्ट कशी? तर ऑटो रोवेडर नावाच्या माणसाने ब्रेड कापायचं यंत्र बनवलं आणि अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात चिलिकॉथी या गावी ७ जुलै १९२८ रोजी कापलेला ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला. लोकांना तो इतका अंगवळणी पडला, की दुसऱ्या महायुद्धात १८ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत त्यावर बंदी घातली, तेव्हा गृहिणींची ओरड झाली आणि ८ मार्चला बंदी उठवावी लागली.

‘अप्पर क्रस्ट’ म्हणजे समाजातला वरचा थर. पूर्वी पावाची वरची कड उमरावांना वाढत म्हणून हा शब्द आला, अशी एक गोष्ट फिरत असते. कोशकार ती मानत नाहीत. अशा गोड कथा इंटरनेटवर मुबलक मिळतात, त्यांची चव घ्यावी पण परीक्षेत लिहू नये.

‘यूज युवर लोफ’ म्हणजे जरा डोकं चालव. लंडनच्या पूर्व भागात यमक जुळवून बोलायची एक लकब आहे. ‘हेड’शी ‘लोफ ऑफ ब्रेड’ जुळतं, मग यमकाचा शब्द गाळायचा आणि उरला ‘लोफ’. ‘ब्रेड’ आणि ‘डो’, म्हणजे मळलेलं पीठ, हे दोन्ही शब्द बोलीत पैशालाही म्हणतात. मित्रांत ठीक, अर्जात नको.

राहिला चुरा. ग्रिम बंधूंच्या लोककथेत हान्सेल आणि ग्रेटेल ही भावंडं जंगलात परतीची वाट सापडावी म्हणून पावाचा चुरा टाकत जातात आणि पाखरं तो खाऊन टाकतात. त्यावरून ‘ब्रेडक्रम्ब ट्रेल’ हा शब्द आला. आज वेबसाइटवर वरच्या बाजूला मुखपृष्ठ, विभाग, उपविभाग अशी जी वाट दिसते तिला ‘ब्रेडक्रम्ब्ज’च म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी छापलेल्या कथेतला चुरा आता मोबाइलच्या पडद्यावर सांडला आहे.

८. उलटा प्रवास

आतापर्यंत आपण इंग्रजीकडून मराठीकडे आलो. उलटं जाताना जास्त जपावं लागतं.

बिरबलाच्या नावावर एक कोडं आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिघांचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. त्यावरून ‘भाकरी फिरवणे’ हा वाक्प्रचार राजकारणात आला. जुन्या माणसांना बाजूला करून नव्यांना संधी देणं, हा त्याचा अर्थ. इंग्रजीत ‘टर्न द ब्रेड’ लिहिलं तर कुणाला काही कळणार नाही. तिथे ‘ब्रिंग इन न्यू ब्लड’ हवं. मराठीत तवा आहे, इंग्रजीत रक्त.

‘मिठाला जागणे’ याचं ‘अवेक टू सॉल्ट’ होत नाही. तिथे निष्ठा सांगणारं ‘रिमेन लॉयल’ पुरे. आणि ‘वर्थ वन्स सॉल्ट’ हा इंग्रजी वाक्प्रचार दिसायला जवळचा असला तरी त्याचा अर्थ कामात पक्का असलेला, असा आहे. दिसण्यावर जाऊ नये.

माझा नियम असा. वाक्प्रचार समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. कोण म्हणतंय? कुणाला म्हणतंय? त्यात कौतुक आहे, टोमणा आहे की दुःख? या तिन्हींची उत्तरं जुळली, तरच दुसऱ्या भाषेतला वाक्प्रचार घ्यायचा. नाहीतर साध्या शब्दांत अर्थ सांगायचा. साधं सांगण्यात कमीपणा नाही.

स्वाध्याय

१. इंग्रजीत लिहा: ‘मला दोन ब्रेड आणि एक अंडं दे.’ मापाचा शब्द विसरू नका.

२. ‘कंपनीने कंत्राटी कामगारांच्या तोंडचा घास काढला.’ याला ब्रेड असलेला इंग्रजी वाक्प्रचार वापरा.

३. ‘ही नोट्स म्हणजे कापलेल्या ब्रेडनंतरची सर्वांत महान गोष्ट आहे.’ हे मराठी वाक्य सुधारा. मूळ इंग्रजी काय असेल?

४. शिळा, नासका, खवट, आंबलेला: प्रत्येकाला शोभेल असा पदार्थ मराठीत आणि इंग्रजीत लिहा.

५. आपल्या घरी भाकरी, पोळी किंवा भात कुणाच्या कष्टातून येतो, यावर पाच वाक्यं इंग्रजीत आणि पाच मराठीत लिहा. एकाचं दुसरं भाषांतर करू नका, दोन्ही वेगवेगळी लिहा. गाइड उघडायचं नाही.

पाचव्या प्रश्नाच्या वह्या मंडळाच्या पेटीत टाका. नावं न छापता त्यातली काही वाक्यं पुढच्या अंकात घेऊ. पुढचा शब्द आहे ‘सॉल्ट’. तोवर घरातल्या मोठ्यांना विचारून मिठाचे वाक्प्रचार गोळा करून ठेवा. आजी असेल तर आधी तिलाच विचारा.